मोगऱ्याचा चहा कडू का झाला?

तुम्ही लिहिलंय की भेट आलेल्या चहाच्या चार डब्यांपैकी जस्मिन कडूजहर झाला, अर्ल ग्रेला अंगाच्या साबणाचा वास आला, हिबिस्कसमध्ये दूध घातलं तर ते फाटलं आणि लॅपसांग सुशाँग उघडल्याबरोबर सासूबाई ‘काय करपलं?’ म्हणत स्वयंपाकघरात आल्या. त्यामुळे हा सगळा पैसे काढायचा प्रकार आहे, की तुमचंच काही चुकतंय, असा प्रश्न पडलाय.

चुकतंय, पण ते आपल्या सगळ्यांचंच चुकतं. आपला हात सीटीसीच्या, म्हणजे पानं चिरडून-फाडून-वळून केलेल्या रोजच्या दाणेदार पावडरीवर बसलेला असतो. आधण ठेवायचं, साखर-आलं-पावडर टाकून खळखळ उकळायचं, दूध घालायचं आणि वर आलं की गाळायचं. ती पावडर दुधाला पुरून उरावी म्हणूनच तशी कडक असते. वासाच्या चहाला हा जाच सोसत नाही. मी या नादाला लागून बारा-तेरा वर्षं झाली आणि पहिली दोन वर्षं मीही महागडी पानं उकळून वाया घालवली. आता नवा डबा आला की आधी एकच बघते: यातला वास बसलाय कुठे? पानात मुरलाय, पानावर शिंपडलाय, की नुसता शेजारी येऊन बसलाय?

जस्मिनमध्ये तो मुरलेला असतो. आणि गंमत म्हणजे ते जस्मिन म्हणजे आपला मोगराच. चीनमध्ये फूच्यान प्रांतात हा चहा पिढ्यान्‌पिढ्या करतात. दुपारी मिटलेल्या कळ्या खुडतात, संध्याकाळी हिरव्या चहात मिसळून ढीग लावतात, रात्री कळ्या उमलतात आणि कोरडी पानं तो वास ओढून घेतात. रात्रीत ढीग तापतो म्हणून मध्येच पसरून निववतात. सकाळी फुलं चाळून काढायची, पानं वाळवायची आणि पुन्हा ताज्या कळ्या. चांगल्या मालाला अशा पाच-सात फेऱ्या होतात. त्यामुळे डब्यात वाळक्या पाकळ्या भरपूर दिसल्या तर हुरळून जाऊ नका, त्या बहुतेक शोभेच्या असतात.

खाली पान हिरव्या चहाचं असल्यामुळे उकळतं पाणी पडलं की तुरटपणा आणि कडवटपणा भसाभस उतरतो आणि मोगरा त्याखाली दबतो. पाणी ७५ ते ८० अंश पुरे. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं, म्हणून दोनदा ओता. दीडशे मिली पाण्याला सपाट चमचाभर, म्हणजे दोनेक ग्रॅम पानं. झाकण ठेवून दोन मिनिटं, मग लगेच गाळा. चोथा टाकू नका, त्याच पानांवर दुसरं पाणी घाला. मला तर तो दुसरा कपच जास्त आवडतो.

गॅलरीत मोगरा असेल तर एप्रिलमध्ये हे घरी करून बघाच. बाजारातले गजरे मात्र नकोत, त्यांवर काय फवारलंय सांगता येत नाही. पन्नास ग्रॅम साधा ग्रीन टी आणि चार-पाचच्या सुमाराला खुडलेल्या पंचवीस-तीस टपोऱ्या कळ्या घ्या. स्टीलच्या डब्यात थरावर थर लावून वर मलमल बांधून ठेवा. सकाळी फुलं काढली की पानं हाताला मऊ लागतील, कारण त्यांनी वासाबरोबर ओलही ओढलेली असते. पहिल्या वर्षी मी ती तशीच ठेवून दुसऱ्या रात्रीच्या कळ्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी डब्यात पांढरी बुरशी! तेव्हापासून दर सकाळी ओव्हनमध्ये ६०-७० अंशांवर, पानं पुन्हा कुरकुरीत होईपर्यंत वाळवते. तीन रात्री केलं की वास बऱ्यापैकी धरतो. विकतच्याची सर येत नाही, पण पाहुण्यांना ओळखायला लावायला मजा येते.

अर्ल ग्रेचं वेगळं. तिथे काळ्या चहावर बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं. हे फळ मुख्यतः इटलीच्या कलाब्रियात होतं, आणि नाव पडलं ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांच्यावरून. साबणाचा वास आला यात तुमच्या नाकाचा दोष नाही. कोलन वॉटरमध्ये आणि कितीतरी साबणांत हेच तेल असतं. पानं कमी घ्या, गरम पाणी ओतून तीन मिनिटं झाका, उकळू मात्र नका, नाहीतर तेल वाफेबरोबर उडून घरभर वास आणि कपात नुसता काढा. थोडं दूध वरून चालतं. तरीही साबणच लागला तर तो डबा मैत्रिणीला द्या. सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे?

हिबिस्कस तर चहाच नव्हे. त्यात चहाचं एक पान नसतं आणि ती आपली जास्वंदही नसते. ती लाल अंबाडीची बोंडं, ज्यांचं आपल्याकडे सरबत आणि चटणी करतात. आंबट पदार्थात दूध फाटणारच, कोकमात घालून बघा. तिला मात्र खुशाल उकळा, गूळ घाला, गार करून प्या.

आता चव घेण्याबद्दल. एकेक चहा वेगवेगळ्या दिवशी प्यायल्यानं जीभ काही शिकत नाही. तीन कप शेजारी मांडा, तेवढीच पानं, तेवढंच पाणी, तेवढीच मिनिटं. चहा तपासणाऱ्यांचं आयएसओ ३१०३ म्हणून एक मानक आहे, त्यात १०० मिलीला २ ग्रॅम आणि तब्बल ६ मिनिटं. पानाचे दोष लपू नयेत म्हणून इतका कडक काढतात, प्यायला नव्हे. मग कोमट झाल्यावर चमच्यानं सणसणीत भुरका मारायचा. लहानपणी ज्यासाठी ओरडा खाल्ला तेच इथे कामाचं, कारण हवेबरोबर आत गेलेला वास घशामागून नाकात चढतो. बशीतून फुर्र करून पिणारे आजोबा नकळत हेच करत होते.

पाण्याकडेही लक्ष द्या. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचं जड पाणी येतं, तेव्हा चहावर तेलकट दिसणारी साय धरते आणि सगळेच चहा मठ्ठ लागतात. त्या दिवसांत मी नवा डबा फोडतच नाही.

राहिला लॅपसांग. तो पाइनच्या धुरावर वाळवलेला असतो, त्यामुळे सासूबाईंचं काही चुकलं नाही. नुसता झेपत नसेल तर एका कपापुरत्या साध्या आसामच्या पानांत त्याची एक चिमूट टाका, चुलीवरच्या चहाची आठवण येते. फक्त त्याचं झाकण घट्ट लावा आणि इतर तिघांपासून लांब ठेवा. मसाल्यांच्या फळीवर तर कुठलाच डबा नको. पानाच्या ज्या गुणामुळे ते मोगऱ्याचा वास ओढतं, त्याच गुणामुळे ते गोड्या मसाल्याचाही ओढतं. माझं चांगलं सेकंड फ्लश, म्हणजे दुसऱ्या खुडणीचं, दार्जिलिंग दोन महिने गोड्या मसाल्याशेजारी सैल झाकणात राहिलं. टाकवेना म्हणून आमटीच्या वासाचा तो चहा मी एकटीनं पिऊन संपवला, घरात दुसऱ्या कुणी हात लावला नाही.