मेन रोडचं काम हातात घेतलंयस म्हणून लिहितोय

प्रिय बेटा,

तू पाठवलेलं प्रेझेंटेशन निवांत बसून पाहिलं. झाडं, बाक, सायकल ट्रॅक सगळं नीट मांडलंयस, आणि आपल्या जळगावच्या रस्त्याचा कोणी तरुण माणूस इतका बारीक विचार करतोय हे बघून खरंच फार बरं वाटलं. पण "नागरिकांचा सहभाग" ही स्लाइड तू एकदम शेवटी टाकलीयस, आणि माझं सगळं म्हणणं त्या एका गोष्टीवर आहे. ड्रॉइंग फायनल करून मग लोकांना हॉलमध्ये बोलावलं, चहा दिला, "काही सूचना असतील तर सांगा" म्हटलं, की लोकांना लगेच कळतं बरं का, सगळं ठरलेलंय, यांना फक्त आपल्या सह्या पाहिजेत. मग निम्मे गप्प बसतात आणि निम्मे भांडतात, आणि आपण ऑफिसात येऊन म्हणतो की लोकांना काही कळतच नाही.

शहराचा विकास आराखडा करताना १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, नोटीस निघते, सुनावणी होते. पण रस्त्याची रुंदी तीच ठेवून फक्त आतली मांडणी बदलायची, म्हणजे फुटपाथ किती, गाड्या कुठं, दुभाजक कुठं, तर ती पायरी लागत नाही. म्हणजे लोकांना विचारायचं की नाही हे बऱ्याच अंशी तुझ्यावर आहे, आणि तू विचारावंस, अगदी कोरा कागद घेऊन.

आता विचारायचं कोणाला. मीटिंगला कोण येतं ते तुला माहितीय, दुकानदार येतात, रिटायर्ड मंडळी येतात, नगरसेवकाची माणसं येतात. येऊ दे, त्यांचंही ऐकायचंच. पण संध्याकाळी सहाच्या मीटिंगला भाजीवाली येणार नाही कारण तिचा धंदाच तेव्हा असतो, क्लासला सायकलवर जाणारी पोरगी येणार नाही, रिक्षावाला येणार नाही, आणि जामनेर, पाचोरा, एरंडोल, यावलहून एसटीने लग्नाचा बस्ता फाडायला आलेलं कुटुंब तर येणारच नाही कारण ते शहराचे मतदारच नाहीत, पण आपल्या बाजारपेठेचं पोट त्यांच्यावर भरतं. फुले मार्केटच्या आजूबाजूला लग्नसराईत एकदा नीट बघ, आजी आणि लहान पोरं पिशव्या सांभाळत कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर बसलेली असतात कारण दुसरीकडे बसायला जागाच नाही. त्यांच्याशेजारी बस आणि बोल.

आणि फॉर्म भरून घेऊ नको. शुद्ध मराठीतला छापील फॉर्म पाहिला की माणूस एकतर घाबरतो नाहीतर "सगळं चांगलंय" लिहून मोकळा होतो. एखादी बाई आपल्या अहिराणीत "आठे सावली नही शे ताई, मी कोठे बसू?" म्हणाली तर वहीत तसंच लिही, त्याचं "छायेचा अभाव" करू नको, कारण तिच्या वाक्यात जागा आहे, वेळ आहे, तिची अडचण आहे, आणि तुझ्या शब्दात त्यातलं काहीच राहत नाही. "रस्ता कसा पाहिजे" असंही विचारू नको, सगळे म्हणतील रुंद करा आणि पार्किंग द्या. त्याऐवजी विचार की तुम्ही रस्ता कुठून ओलांडता, कुठं भीती वाटते, पहिल्या पावसाला पाणी कुठं तुंबतं, म्हातारी आई बरोबर असली की कुठून जाता, अंधार पडल्यावर कुठला तुकडा टाळता.

वेळेचं पण बघ. तुझा सर्व्हे दुपारी साडेबाराचा दिसतोय, तोही मे महिन्यातला. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या वेळी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि त्या आकड्यांवरून तू लिहिलंस की पायी चालणारे कमी आहेत! पहाटे भाजीपाला उतरतो तेव्हा जा, शाळा सुटताना जा, उन्हाळ्यात रात्री आठनंतर जा, तेव्हा अख्खं गाव बाहेर पडतं.

जुन्या जळगावात आणखी एक गोष्ट सांभाळायची, ती कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. तो वळवायला, थांबवायला चाकाखाली लाकडाच्या मोगऱ्या लावतात, आणि ते काम करणाऱ्या माणसांना त्या मार्गाचा प्रत्येक उतार, प्रत्येक कोपरा पाठ असतो. तू त्या मार्गावर चौकात गोल बेट काढलंस किंवा उंच टेबल-क्रॉसिंग, म्हणजे लोकांना ओलांडायला उचललेला रस्त्याचा पट्टा, दिलंस तर रथ वळेल का हे तुला एकही सॉफ्टवेअर सांगणार नाही, मोगरी लावणारा सांगेल, त्याला घेऊन मार्गावर पायी फिर. श्रावणात कानबाईच्या, आपल्या खानदेशातल्या देवीच्या, मिरवणुका निघतात, त्यांचे रस्ते त्या-त्या गल्लीतल्या बायकांना विचार. हे लोक तुझे विरोधक नाहीत, त्यांनी आपणहून तुला मदत करावी असा हा विषय आहे.

दुकानदारांचं वेगळं सांगतो कारण सगळ्यात जास्त आवाज तिथूनच येणार. समोरची पार्किंग गेली की गिऱ्हाईक गेलं ही त्यांची भीती आहे आणि ती खोटी नाही, त्यांचं घर त्यावर चालतं, म्हणून वाद घालू नको. त्यांनाच मोजायला सांग. एक दिवस प्रत्येक गिऱ्हाईक चालत आलं की गाडीवर, हे गल्ल्यावरच्या पोराने वहीत टिपायचं, आणि दुकानासमोर दिवसभर कोणाच्या गाड्या उभ्या होत्या तेही टिपायचं. बऱ्याच ठिकाणी त्या मालकाच्या आणि कामगारांच्याच निघतात. हे तू सांगितलंस तर भांडण होईल, त्यांच्या वहीतून निघालं तर तेच म्हणतील की बाबा आपल्या गाड्या मागच्या गल्लीत लावू.

लोटगाडीवाल्यांना तुझ्या ड्रॉइंगमध्ये कुठंच जागा नाही हे मला अजिबात पटलं नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, त्यातही एक तृतीयांश बायका. जागा ठरवताना त्यांच्यासोबत बस. तू त्यांना आखून जागा दिली नाहीस तर ते फुटपाथवर येणारच, मग अतिक्रमणची गाडी येणार, दोन दिवसांनी परत तेच. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या गाईडलाईनमध्ये फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा पाहिजे असं आहे, आणि त्यातला "मोकळा" हा शब्द धरून चाल, म्हणजे विजेचा खांब, ट्रान्सफॉर्मर, झाडाचं आळं, दुकानाची पायरी, लोटगाडी हे सगळं सोडून १.८. उंचीही १५० मिलिमीटरच्या वर नेऊ नको, नाहीतर व्हीलचेअर जाऊ दे, गुडघे दुखणारी बाईसुद्धा चढत नाही, खाली रस्त्यावरूनच चालते.

एवढं ऐकून झालं की मग ड्रॉइंग कर, पण लगेच काँक्रीट ओतू नको. चुन्याने रेषा आख, ड्रम ठेव, दोरी बांध आणि काही आठवडे तसंच चालू दे, मध्ये बाजाराचा दिवस आणि एखादी मोठी लग्नतिथ आली पाहिजे. केंद्राच्या २०२० च्या "स्ट्रीट्स फॉर पीपल" चॅलेंजमध्ये हीच पद्धत होती, नागपूर, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांनी ती केली. ड्रम सरकवायला पैसे लागत नाहीत, दुभाजक फोडायला लागतात, आणि लोकांना कागदावरचा प्लॅन वाचता येत नसला तरी रस्त्यावर आखलेला लगेच वाचता येतो.

मग प्रत्येक सूचनेचं काय झालं ते चौकात बोर्डावर लाव. ही घेतली, ही नाही घेतली आणि का नाही. नाही म्हटलेलं लोक सहन करतात गं, उत्तरच न आलेलं सहन करत नाहीत, पुढच्या वेळी बोलवायला गेलीस तर दार उघडणार नाहीत.

पाणी, ड्रेनेज, केबल या सगळ्यांची खोदाई संपल्याचं प्रत्येक खात्याकडून लेखी घेतल्याशिवाय वरचं काम सुरू करू देऊ नको, तू ज्युनिअर असलीस तरी फाईलवर तसं लिहून ठेव.

आणि प्लॅनमध्ये तू शोभेची ताडासारखी झाडं दाखवलीयस, ती काढ. आपल्या उन्हात कडुनिंब लाव, करंज लाव, ज्याच्याखाली माणूस उभा राहील असं काहीतरी. पहिल्या तीन उन्हाळ्यांचं टँकरचं पाणी आणि ट्री गार्ड आत्ताच एस्टिमेटमध्ये धर, नंतर त्यासाठी वेगळी मंजुरी मिळवता मिळवता रोपं वाळून जातात. सुधारलेलं ड्रॉइंग रविवारी घेऊन ये, सोबत वही पण आण, आधी ती वाचू.

तुझा,
काका