वाचक विचारतात : चिपाडाचा धूर आणि कोकचा धूर

प्रश्न : सर, आमच्याकडं सीझन चालू झाला की साखर कारखान्यांची धुराडी रात्रंदिवस चालू असतात, आणि तिकडं बेळगावात फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) दगडी कोळशापासनं केलेला कोक जळतो. दोन्हीकडून कार्बन डायऑक्साइडच निघतो ना? मग बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) चालतोय आणि कोळशाचा चालत नाही असं का म्हणतात? हवेत मिसळल्यावर कुठला कुणाचा कसं ओळखणार? – ऊस उत्पादक, निपाणी

उत्तर : ओळखता येतो की! कार्बनचा एक जड भाऊबंद आहे, कार्बन-१४. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळं वर वातावरणात नायट्रोजनपासून तो सारखा तयार होत असतो, पण प्रमाण किती, तर लाख कोटी कार्बन अणूंमागं जेमतेम एक. तो किरणोत्सारी आहे, ५७३० वर्षांत निम्मा होतो. तुमचा ऊस वर्ष-दीड वर्ष हीच हवा खाऊन वाढला, म्हणून चिपाडात आजच्या हवेइतकाच कार्बन-१४ सापडतो. कोळसा जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून आहे आणि पन्नासेक हजार वर्षांतच मोजण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळं कोक, डिझेल, पेट्रोल यांच्या धुरात तो शून्य.

म्हणजे बगॅस जळला तर गेल्या वर्षी हवेतनं घेतलेलंच परत गेलं, कोक जळला तर हवेत नव्यानं भर पडली. (उसाला लागलेलं ट्रॅक्टरचं डिझेल आणि युरिया यांचा हिशेब वेगळा, तो कारखानावाले सहसा सांगत नाहीत.)

मोजायचं कसं, तर डेअरीत दुधातलं पाणी पकडतात तसंच. कोळशाचा बिन-१४ वाला वायू मिसळला की हवेतला कार्बन-१४ पातळ होतो. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात हेच दाखवलं, म्हणून याला स्यूस परिणाम म्हणतात. आज हवेत दर दहा लाख रेणूंमागं कार्बन डायऑक्साइडचे ४२० च्या वर आहेत, त्यात कोळसा-पेट्रोलचा एक जरी वाढला तरी कार्बन-१४ चं प्रमाण साधारण पाव टक्क्यानं उतरतं, आणि आताची चांगली यंत्रं एवढा फरक पकडतात. पेट्रोलमधलं इथेनॉल खरंच उसा-धान्याचं आहे का हेही याच टेस्टनं कळतं.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आलंय, की अणुचाचण्यांमुळं हवेत आलेला जादा कार्बन वीसेक वर्षांत बराचसा निघून गेला, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही असाच आपोआप कमी होणार, उगाच घाबरवतात. खरं काय? – शिक्षिका, चिकोडी

उत्तर : बाई, फॉरवर्डमधला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर लोक फसतात. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरवातीला उघड्यावर जे अणुस्फोट केले त्यानं उत्तर गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. १९६३ मध्ये चाचणीबंदीचा करार झाला आणि नंतर तो उतरत गेला. पण गेला कुठं? समुद्रात, झाडांत, मातीत. आणि जाताना अदलाबदल झाली, इकडून एक जादा १४ वाला रेणू समुद्रात गेला तर तिकडून दुसरा साधा वर आला, म्हणजे १४ चं प्रमाण घटलं पण वायूचं एकूण माप तेवढंच राहिलं. शिवाय कोळशाच्या धुरानं ते आणखी पातळ केलं. माप कमी व्हायचं तर कार्बन खोल समुद्रात मुरायला पाहिजे आणि ते काम फार सावकाश चालतं, उत्तर पॅसिफिकच्या तळाकडचं पाणी कार्बन-१४ नं मोजलं तर हजार-दीड हजार वर्षांच्याही पलीकडचं वय दाखवतं! आपण सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास वायू हवेतच राहतो, बाकी समुद्र आणि जंगलं घेतात.

शास्त्रज्ञांना मात्र हे स्फोट आयतेच उपयोगी पडले. एका झटक्यात खूण केलेला कार्बन जगभर पसरला, मग तो कुठं किती वेगानं पोचतो हे बघत बसायचं. मातीत तर मजाच आहे, वरच्या थरात स्फोटानंतरचा ताजा कार्बन सापडतो आणि हात-दोन हात खाली हजारो वर्षं जुना. पाचट न जाळता कुजवलं तरी त्यातला मोठा भाग काही वर्षांतच परत हवेत जातो, थोडाच टिकतो. तरीही कुजवाच, जमिनीला पाहिजे ते.

आता हवेतलं प्रमाण स्फोटांच्या आधीच्या पातळीला आलंय आणि खाली चाललंय. कोळसा-तेल असंच वाढत्या प्रमाणात जाळत राहिलो तर २०५० च्या सुमाराला नवं कापडही तपासणीत हजार वर्षं जुनं दिसेल असा अंदाज आहे. म्हणजे तेव्हाचं ताजं जळाऊ लाकूड बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराच्याही आधीचं दिसेल! नवं ते जुनं म्हणून विकणाऱ्यांची चंगळच की.

प्रश्न : खानापूरच्या जंगलातल्या सागाची वलयं घेऊन कार्बन-१४ वर कॉलेजचा प्रोजेक्ट होईल काय? – एमएस्सीचा विद्यार्थी

उत्तर : होईल. सागाला वर्षाला एक वलय नीट दिसतं, आणि ठाण्याजवळच्या सागावर असं काम झालेलंही आहे. उभं झाड अजिबात पाडू नका, वनखात्याची रीतसर परवानगी काढून डेपोतल्या ओंडक्याची चकती मागा. बाहेरून आत मोजत १९६४ च्या आसपासची, म्हणजे स्फोटांचा कार्बन-१४ हवेत भरपूर होता तेव्हाची, वलयं धारदार छिन्नीनं वेगळी काढायची. लाकडातली राळ-तेलं एका वलयातनं दुसऱ्यात जातात, म्हणून ती काढून टाकून फक्त सेल्युलोज (लाकडाचा मूळ तंतू) मोजतात. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी किंवा दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर, तुमच्या गाइडमार्फत आधी पत्र घाला. नमुना अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा, कापसात किंवा कागदात नको, त्यातही कार्बनच असतो. आणि वलयाचा नंबर पेन्सिलीनं लाकडावर न लिहिता फॉइलच्या बाहेर लिहा.