घराचा चार्ज

चवथ आटोपली, गणपती पोचवले, मुलं आपापल्या गावी परतली की माझ्या फोंड्यातल्या समुपदेशनाच्या दोन खोल्यांत एक ठरावीक गाऱ्हाणं यायला लागतं. बायका म्हणतात, "हे रिटायर झाल्यापासून घर माझं राहिलंच नाही." पुरुष म्हणतात, "या घरात माझी किंमत काय उरलीय?" दोघं एकाच बाकावर बसून हे म्हणतात आणि दोघांचंही खरं असतं. दिवाळी जवळ येते तशी ही गर्दी वाढते. सुरुवातीच्या वर्षांत मी याला म्हातारपणाची कुरबुर समजायचे. आता समजत नाही.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 बदलांची यादी करून प्रत्येकाच्या ताणाला गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50 आणि निवृत्तीला 45. म्हणजे निवृत्ती लग्नाच्या अगदी शेजारी बसते. लग्नाआधी आपण सहा महिने तयारी करतो, निवृत्तीसाठी मात्र शाल, श्रीफळ आणि संध्याकाळचा निरोप समारंभ. त्या यादीत नाताळही आहे, 12 गुणांचा. यादी करणाऱ्यांनी गोव्यातली दिवाळी पाहिली नव्हती. पहाटे उठून पाच तऱ्हांचे फोव, म्हणजे पोहे, करायचे म्हटल्यावर 12 गुणांत भागलं नसतं.

जपानी भाषेत निवृत्त होऊन घरात बसलेल्या नवऱ्यासाठी ‘नुरे ओचिबा’ असा शब्द आहे. अर्थ ओलं गळलेलं पान, कितीही झाडलं तरी चिकटून राहणारं. पाऊस सरताना चिऱ्याच्या पायऱ्या झाडणाऱ्या आपल्याकडच्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी तो एकदा एका बाईंना सांगितला. त्या पोट धरून हसल्या आणि घरी जाऊन नवऱ्याला तोच चिकटवला. पुढचा महिनाभर मी ते निस्तरत होते.

आज ज्या जोडप्याविषयी लिहिते आहे त्यांना भाई आणि वहिनी म्हणू. खुणा पुसल्या आहेत, दोनचार घरांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. भाई सरकारी खात्यात 35 वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून मे अखेरीस निवृत्त झाले. वहिनींनी नोकरी कधी केली नाही. सावईवेरेंच्या वाटेवर कुठेतरी घर, मागे परस, थोडे माड, थोड्या पोफळी. मुलगी मडगावला दिलेली, मुलगा पुण्यात. दोघांना माझ्याकडे पाठवलं मुलीने.

पहिल्या दिवशी वहिनी पर्स मांडीवर धरून बसल्या, बस सुटायची वेळ झाल्यासारख्या. भाईंनी डायरी आणली होती. जूनमध्ये त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. जुलैमध्ये गॅस किती दिवस पुरतो याची नोंद सुरू केली. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचं, सगळं सामान आदल्याच दिवशी बाजारातून आणून टाकलं, त्यात परसात लगडलेले आंबाडेसुद्धा विकत. आता परसाचा आलेख कागदावर काढला होता, वाफ्यांना नंबर देऊन.

"मी मदतच करतोय ना?" ते म्हणाले.

"मदत मागितली कोणी?" वहिनी भिंतीकडे बघून म्हणाल्या.

मी तेव्हा एक चूक केली. परस दोघांत वाटून दिलं. डावीकडचे वाफे भाईंचे, उजवीकडचे वहिनींचे. कागदावर सुरेख वाटलं. पंधरवड्याने दोघं परतले ते नळीवरून आणि मधल्या लिंबावरून भांडत. वाटणीचे दावे गोव्यात किती पिढ्या चालतात हे ठाऊक असून मी नवराबायकोत भाटाची, म्हणजे बागायतीची, वाटणी लावून दिली होती!

मग दसरा झाला आणि कारिटाचं प्रकरण घडलं.

दसऱ्यानंतर ऊन तापायला लागल्यावर भाईंनी कुंपण साफ करायला घेतलं. पावसात माजलेलं रान उपटून ढीग घातला. संध्याकाळी वहिनी तुळशीकडे दिवा लावायला गेल्या तेव्हा त्या ढिगावर त्यांना कारिटाचा वेल दिसला, हिरवी बोराएवढी फळं धरलेला. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने फोडतात ते कारीट. वहिनी ओरडल्या नाहीत. आठ दिवस बोलल्याच नाहीत.

त्या खेपेला दहा-बारा मिनिटं एकटे भाईच बोलत होते. "बाजारात दहा रुपयांना वाटा मिळतो हो कारिटांचा. मी दोन वाटे आणून ठेवले. तरी हिचं तोंड तसंच."

मी वहिनींकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी मला तो वेल दाखवला होता. हो वेल काडचो न्हय, म्हणाल्या. तेव्हापासून 36 वर्षं, गडी कुंपणाच्या कामाला आला की मी आधी जाऊन तिथं उभी राहते."

भाई गप्प. मग हळूच, "मला कोणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत?"

माझं शिक्षण कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वळणाचं. समोरच्याला उत्तर द्यायची घाई करायची नाही, त्याचंच वाक्य त्याला नीट ऐकू जाईल एवढी शांतता ठेवायची. आमच्यातले हुशार लोक हल्ली याला जुनाट म्हणतात. म्हणोत बापडे. मी भाईंचं वाक्य तेवढं पुन्हा उच्चारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं नाही." आणि थांबले. मग विचारलं, "भाई, बदली होऊन नव्या ऑफिसात गेलात की पहिल्या दिवशी काय करायचात?"

ते ताठ बसले. इतक्या आठवड्यांत कुणीतरी त्यांना येणाऱ्या विषयातलं विचारलं होतं. "चार्ज घ्यायचो. किल्ल्या, फायलींची यादी, डेडस्टॉक रजिस्टर, पेंडिंग कागद. पण खरं ते यादीत नसतं. आधीच्या माणसाला चहाला बसवायचं. कुठला ठेकेदार गोड बोलून गळा कापतो ते तो चहावर सांगतो."

"आणि कुणाला न विचारता जुनी फाईल फाडली तर?"

त्यांनी तोंड उघडलं, वहिनींकडे पाहिलं आणि मिटलं. "मेमो," ते म्हणाले. "मेमो मिळतो."

वहिनींच्या ओठांचा कोपरा हलला. मला माझ्या उपमेचा फार अभिमान वाटला, कबूल करते. त्या भरात मी म्हणाले, "मग आता वहिनींकडून रीतसर चार्ज घ्या."

"पण मी कुठे चार्ज सोडलाय?" वहिनी म्हणाल्या. "मी रिटायर झाले नाही."

त्या दुपारी मी पुढची भेट अर्धा तास पुढे ढकलली आणि खिडकीशी उभी राहिले. कित्येक वर्षं मी निवृत्त पुरुषांना सांगत होते, घरातलं एखादं काम अंगावर घ्या. बायकांना सांगत होते, थोडं सोडायला शिका. ऐकायला किती समजूतदार! पण ज्या बाईने सगळं आयुष्य एक खातं चालवलं, ज्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही, तिला मी अर्धी खुर्ची रिकामी करायला सांगत होते, कारण नवऱ्याची खुर्ची सरकारने काढून घेतली. भाईंचं ऑफिस संपलं होतं. वहिनींचं चालू होतं. नवा माणूस दारात उभा होता एवढंच, आणि नवा माणूस आल्या आल्या कपाटं हलवत नाही. माझ्या सल्ल्यातलं हे भोक सातवी शिकलेल्या बाईने दाखवलं, तेही एका वाक्यात.

पुढच्या खेपेला मी सरळ त्यांनाच विचारलं, "मग भाई तुमच्या खात्यात कोण?"

त्यांनी विचार केला. "उमेदवार."

"प्रोबेशनवर?" भाईंनी दचकून विचारलं. "किती दिवस?"

"तुमच्यात दोन वर्षं असतं ना?"

भाई हसले. माझ्या खोलीत पहिल्यांदा.

त्यांना मी एवढंच सांगितलं, की दिवाळीपर्यंत आपणहून एकही काम करायचं नाही. रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर वही घेऊन वहिनींपाशी बसायचं, विचारायचं आणि लिहायचं. वहिनींना सांगितलं, ‘असू दे, मीच करते’ हे वाक्य तुळशीलग्नापर्यंत तोंडातून काढायचं नाही. त्यांना ते भाईंपेक्षा जड गेलं. एकदा एकट्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "यांना सगळं यायला लागलं तर माझं काय राहील?" ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते आणि ती नवऱ्याला सांगणारी बाई विरळा.

वही भरत गेली. तांबड्या भाजीचं बी वाळूत मिसळून फोकायचं आणि मुंग्यांकडे लक्ष ठेवायचं. मासळी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, तुळशीच्या बाजूला थेंब नाही. पुण्याहून दोनच दिवस येणाऱ्या मुलाला ‘दोनच?’ असं फोनवर विचारायचं नाही, कारण मग तो एकच दिवस राहतो. फोव किती किलो लागतात हे भाईंनी आधी लिहिलं होतं, वहिनींनी सांगितलं ते कुणाकुणाला लागतात. धाकट्या जावेला रोसातले चालत नाहीत, नारळ सोसत नाही, तिला दुधातले. आणि शेजारच्या घरात यंदा दिवाळी नाही, तिथले म्हातारे श्रावणात वारले. त्या घरात काही तळायचं नाही, म्हणून डबा आपल्याकडून जातो. भल्या पहाटे, आपण तोंडात काही घालायच्या आधी.

भाई हे मला सांगत होते आणि मध्येच थांबले. त्या म्हाताऱ्यांना त्यांनी खांदा दिला होता. तीस वर्षांची ओळख. "मी हिला विचारलं, असे डबे दर वर्षी जातात? म्हणाली, ज्या वर्षी जिथं गरज तिथं." त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा पुसला. "बाई, 35 वर्षं मी आवक-जावक बघितली. माझ्या घरातून काय जावक होतं ते मला ठाऊक नव्हतं."

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता, खाली बसस्टँडवर कंडक्टर म्हापसा-म्हापसा ओरडत होता. असे दोन मिनिटांचे क्षण वर्षात चार-पाच येतात. त्यांच्यासाठीच मी हे काम करते आणि त्यांचं श्रेय मला फार थोडं असतं, थोडं असतं मात्र.

आता तुमच्यासाठी. निवृत्तीला वर्ष असतानाच जोडीदाराशी बोलायला घ्या, आणि पेन्शनच्या आकड्याबरोबर दुपारी दोन ते चार कोण कुठे असेल हेही बोला. खरी भांडणं त्या दोन तासांत होतात, पैशांवरून क्वचितच. घरातलं पुरुषाला काही कळत नाही असं मी म्हणत नाही, पण पहिले तीन महिने त्याने फक्त विचारावं. भाईंच्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत खोट काहीच नव्हती, वहिनींना त्या पुढे आवडल्यासुद्धा, विचारून लावल्या असत्या तर पहिल्याच दिवशी आवडल्या असत्या. बायकांनी आपण काय करतो ते मोठ्याने सांगायची सवय लावून घ्यावी. न सांगितलेलं काम दिसत नाही, आणि नवऱ्याला ते दिसलं नाही म्हणून रुसून बसण्यात आयुष्य जातं. दोघांनीही दिवसातला एक तास एकमेकांपासून दूर काढावा. देवळात जा, वाचनालयात जा, कुणाच्या पडवीत बसा. मुलांनी फोनवर ‘आई, बाबांना समजून घे’ हे वाक्य टाळावं, त्याने मिटत काही नाही, नुसती बाजू घेतल्यासारखी होते.

आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगते. निवृत्त माणूस दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, झोप आणि जेवण गेलं असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर वही-बिही काढत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची ‘टेलि-मानस’ ही फुकट मदतवाहिनी 14416 या नंबरावर आहे.

व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, आटोपल्यावर दोघं शेवटचे आले. पिशवीत आवळे होते, तांबड्या भाजीची पहिली जुडी होती आणि ती वही होती. भाईंनी ती टेबलावर ठेवली, ऑफिसातली फाईल ठेवतात तशी, काठ सरळ करून. वळणदार अक्षर, पानांना नंबर, आणि समासात जागोजागी वहिनींनी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या. ‘कुंपण’ या पानावर एकच ओळ होती, लाल शाईत: कारीट काढू नये. शेवटच्या पानावर खाली दोन रेघा आखल्या होत्या. ‘चार्ज घेणाऱ्याची सही’ इथं भाईंची लांबलचक सही होती. ‘चार्ज देणाऱ्याची सही’ ही रेघ कोरी.

"इथं सही राहिली," मी वहिनींना म्हणाले.

"एवढ्यात कुठे?" म्हणत त्यांनी वही मिटून आपल्या पर्समध्ये ठेवली.