वाचकांचे प्रश्न : बाहेरचा कोड घेताना परवाने जुळतात का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत : आपल्या ओपन सोर्स प्रकल्पात दुसऱ्याने लिहिलेला कोड घेताना दोघांच्या परवान्यांचा मेळ कसा पाहावा. पहिल्या पत्रातील अडचण सर्वांत गुंतागुंतीची असल्यामुळे तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक प्रोग्राम आमचा गट काही वर्षांपासून चालवत आहे. त्याला जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) आवृत्ती २ हा परवाना आहे आणि आजवर चौदा जणांनी त्यात कोड लिहिला आहे. आता वर्डच्या फाइली थेट वाचता याव्यात म्हणून अपाची २.० परवान्याची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) त्यात घ्यायची आहे. एका सहकाऱ्याने हे परवाने जुळत नाहीत अशी हरकत घेतली. दोन्ही परवाने ओपन सोर्स असताना अडचण कसली? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या सहकाऱ्याची हरकत रास्त आहे, परंतु तेवढ्यावरून बेत सोडून देण्याचे कारण नाही. ‘दोन्ही ओपन सोर्स आहेत’ हे खरे असले, तरी त्यावरून इतकेच कळते की प्रत्येक कोड स्वतंत्रपणे वापरता, बदलता आणि वाटता येतो. दोन्ही कोड एकाच प्रोग्रामात मिसळून तो प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिला, की त्या एका प्रतीला दोन्ही परवान्यांच्या अटी एकाच वेळी लागू होतात. एकीचे पालन करताना दुसरीचा भंग होत नसेल, तर ते परवाने सुसंगत म्हणायचे. हा प्रश्न प्रत दुसऱ्याला देण्याच्या क्षणी उभा राहतो. आपण आपल्याच संगणकावर दोन्ही एकत्र चालवून पाहत असाल, तर त्याला जीपीएलची आडकाठी नाही.

जीपीएल आवृत्ती २ ही जून १९९१ची आहे. तिच्या सहाव्या कलमाप्रमाणे, प्रत घेणाऱ्याला या परवान्याने जे हक्क मिळतात त्यांच्या वापरावर वाटणाऱ्याने आणखी कोणतेही निर्बंध घालायचे नाहीत. अपाची २.० हा परवाना जानेवारी २००४मधला. त्यात पेटंटविषयी एक तरतूद आहे : या सॉफ्टवेअरमुळे आपल्या पेटंटचा भंग होतो असा दावा कोणी न्यायालयात लावला, तर त्या सॉफ्टवेअरसाठी त्याला मिळालेली पेटंटची परवानगी त्याच दिवशी संपते. ही तरतूद मला स्वतःला न्याय्य वाटते, कारण जो सर्वांच्या मेहनतीचा लाभ घेतो आणि वर त्यांनाच कोर्टात खेचतो, त्याला तो लाभ मिळत राहू नये. परंतु जीपीएल २मध्ये अशी तरतूद नाही, त्यामुळे तिच्या दृष्टीने ही ‘आणखी एक अट’ ठरते. अट चांगली की वाईट हे सहावे कलम पाहत नाही. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने याच तरतुदीवर आणि नुकसानभरपाईच्या कलमावर बोट ठेवून अपाची २.० हा परवाना जीपीएल २शी विसंगत असल्याचे म्हटले आहे. २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या जीपीएल आवृत्ती ३ने मात्र काही ठरावीक प्रकारच्या जादा अटींना सातव्या कलमात जागा करून दिली आणि पेटंटची स्वतःची तरतूदही आणली, त्यामुळे अपाचीचा कोड जीपीएल ३च्या प्रकल्पात घेता येतो.

तेव्हा आपल्या प्रकल्पाचे भवितव्य एका ओळीवर अवलंबून आहे. प्रत्येक फाइलच्या माथ्यावरील सूचनेत ‘आवृत्ती २, किंवा आपल्या पसंतीनुसार त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ असे लिहिले आहे, की ‘फक्त आवृत्ती २’? प्रकल्पासोबत ठेवलेली परवान्याची फाइल पाहून हे कळणार नाही, कारण परवान्याचा मजकूर दोन्ही बाबतींत अक्षरशः तोच असतो. आवृत्तीचा क्रमांक कुठेच दिला नसेल, तर जीपीएल २च्या नवव्या कलमानुसार घेणारा आजवर प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती निवडू शकतो. चौदा जणांचे काम असल्यामुळे सगळ्या फाइलींत एकच सूचना असेल असे गृहीत धरू नका. एखाद्याने मधल्या काळात वेगळी ओळ लिहून ठेवली असेल, तर तीच पुढे अडते.

‘त्यानंतरची’ हे शब्द सर्वत्र असतील तर मार्ग सरळ आहे. लायब्ररी घ्या आणि एकत्रित प्रोग्राम जीपीएल ३खाली वाटा. आपण लिहिलेल्या फाइलींवरील जुनी सूचना बदलण्याची गरज नाही. ज्याचा कोड ‘फक्त आवृत्ती २’चा आहे अशा कोणाला आपल्या फाइली हव्या असतील, तर अपाचीची लायब्ररी वगळून त्या पूर्वीसारख्याच घेता येतील. अपाचीच्या परवान्याची प्रत, आणि लायब्ररीसोबत ‘नोटीस’ नावाची फाइल असल्यास तिच्यातील श्रेयाचा मजकूर, आपल्या प्रतीबरोबर द्यावा लागेल.

‘फक्त आवृत्ती २’ असे असेल तर आधी लायब्ररीचाच परवाना पुन्हा नीट वाचा. रस्ट भाषेतील पुष्कळ लायब्रऱ्या ‘एमआयटी किंवा अपाची’ अशा दुहेरी परवान्याने दिल्या जातात. तेथे घेणाऱ्याने एमआयटी हा मोजक्याच अटींचा परवाना निवडला की जीपीएल २शी असलेला प्रश्न उरतच नाही. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने अपाची २.०ला जोडूनच एक अपवाद लिहिला आहे आणि त्याचा एक भाग जीपीएल २च्या कोडशी होणारी ही टक्कर टाळण्यासाठीच आहे. असे काहीच नसेल, तर आपल्या चौदाही जणांची लेखी संमती घेऊन परवाना ‘२ किंवा त्यानंतरची’ असा करावा लागेल. ज्याची संमती मिळत नाही त्याचा कोड काढून नव्याने लिहावा लागतो. व्हीएलसी या प्लेअरच्या चमूने २०११ आणि २०१२मध्ये आपल्या कोडचा मोठा भाग जीपीएलवरून एलजीपीएल या तिच्या सौम्य रूपावर नेला, तेव्हा त्यांना जुन्या लेखकांना एकेक करून गाठावे लागले होते. लिनक्स कर्नेल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आजही ‘फक्त आवृत्ती २’वर आहे. हजारो लेखकांची संमती गोळा करणे किती अवघड आहे, हे तेथे सहज लक्षात येते.

संमती मागताना आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७च्या कलम १७प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालक-कंपनी असते. आपल्या चौदा जणांपैकी एखाद्याने तो कोड कार्यालयीन कामातच लिहिला असेल, तर त्याने मनापासून दिलेला होकारही पुरेसा नाही. तो होकार त्याच्या कंपनीकडून यायला हवा.

आणखी एक मुद्दा आपण विचारलेला नाही, पण त्यावाचून उत्तर अपुरे राहील. सुसंगती बहुधा एकाच दिशेने वाहते. अपाचीचा कोड जीपीएल ३च्या प्रकल्पात जातो, परंतु जीपीएल ३चा कोड घेऊन प्रकल्प मात्र अपाचीचाच ठेवता येत नाही, कारण एकत्रित प्रोग्राम जीपीएलखालीच द्यावा लागतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑफिस सॉफ्टवेअरचे आहे. २०११मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसचा कोड अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवला आणि त्याचा परवाना अपाची २.० झाला. त्याच मुळातून निघालेले लिबरऑफिस एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) २.० आणि एलजीपीएल या परवान्यांवर चालते. परिणामी लिबरऑफिसला ओपनऑफिसमधील सुधारणा उचलता येतात, पण लिबरऑफिसमधील सुधारणा मूळ लेखकाने वेगळी परवानगी दिल्याशिवाय ओपनऑफिसमध्ये जात नाहीत. दोघांचे पूर्वज एक, दोघांचा कोड सर्वांना खुला, तरीही वाट एकेरीच आहे.

प्रश्न : एमआयटी परवान्याची एक फाइल मी माझ्या जीपीएल प्रकल्पात घेतली, तिच्यात बरेच बदल केले आणि वरची सूचना काढून जीपीएलची लावली. एमआयटी परवाना सर्व काही करू देतो असे वाचले होते. हे योग्य झाले का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फाइल घेणे योग्य होते. सूचना काढणे योग्य नव्हते. एमआयटी परवाना फार थोड्या गोष्टी मागतो, पण एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत मागतो : मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत किंवा तिच्या भरीव भागात राहिला पाहिजे. आपण जीपीएल लावू शकता ते आपल्या बदलांना आणि एकत्रित प्रोग्रामला. मूळ लेखकाच्या ओळींचा परवाना बदलण्याचा हक्क आपल्याकडे आलेला नाही.

ही चूक अनुभवी लोकांकडूनही झाली आहे. २००७मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आणताना, सुचवलेल्या बदलांत काही फाइलींवरील मूळ परवान्याच्या जागी जीपीएलची सूचना घातली गेली होती. त्यावरून दोन्ही समूहांत मोठा कडवटपणा आला. त्यानंतर सप्टेंबर २००७मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना कायदेशीर सल्ला देणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने जीपीएल प्रकल्पात असा कोड कसा सांभाळावा याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, आणि आजही त्या ड्रायव्हरच्या फाइलींवर मूळ सूचना शाबूत आहे. ज्याने आपले काम जवळजवळ विनाअट दिले, त्याचे नाव पुसले गेले की त्याला होणारे दुःख साधे नसते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते टाळायला हवे.

दुरुस्ती सोपी आहे. जुन्या प्रतीतून मूळ सूचना जशीच्या तशी परत आणा, तिच्याखाली आपल्या कॉपीराइटची ओळ लिहा आणि आपले बदल कोणत्या परवान्याखाली आहेत ते नमूद करा. माझी शिफारस अशी की फाइल मुख्यतः दुसऱ्याची असेल, तर आपले बदलही एमआयटीखालीच ठेवावेत, म्हणजे ते मूळ प्रकल्पाला परत देता येतात.

प्रश्न : कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरील एका प्रकल्पात परवान्याची फाइलच नाही. कोड सर्वांसमोर ठेवला आहे, म्हणजे तो वापरण्यास मोकळा आहे असे समजावे का? तसेच स्टॅक ओव्हरफ्लोवरील उत्तरांतून घेतलेल्या कोडचे काय? — एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : परवाना नसणे म्हणजे मोकळीक नव्हे, नेमके उलट आहे. आपल्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम २मध्ये संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती मानली आहे. नोंदणी केली नाही, कॉपीराइटचे चिन्ह लावले नाही, तरी तिचे हक्क लेखकाकडेच असतात, आणि कलम ३०प्रमाणे परवाना लेखी द्यावा लागतो. तेव्हा लेखकाला नम्रपणे विचारा आणि प्रकल्पात परवान्याची फाइल घालण्याची विनंती करा. अनेकदा ते केवळ राहून गेलेले असते. उत्तर न आल्यास तो कोड घेऊ नये.

स्टॅक ओव्हरफ्लोवरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय आणि समान वाटप’ या परवान्याखाली असतो, पण त्याची आवृत्ती उत्तराच्या तारखेवर ठरते. ८ एप्रिल २०११पूर्वीच्या मजकुराला २.५, तेव्हापासून २ मे २०१८पूर्वीपर्यंतच्या मजकुराला ३.०, आणि त्यानंतरच्याला ४.०. यांपैकी फक्त ४.० आवृत्तीचा मजकूर जीपीएल ३मध्ये नेता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्सने ऑक्टोबर २०१५मध्ये तसे जाहीर केले, आणि येथेही वाट एकेरीच आहे. त्याहून जुने उत्तर असेल, किंवा आपला प्रकल्प एमआयटी अथवा जीपीएल २चा असेल, तर उत्तर वाचून पद्धत समजून घ्यावी आणि कोड स्वतः लिहावा. कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नसतो. ज्या एक-दोन ओळी कोणीही तशाच लिहील, त्यांची चिंता करू नये.

प्रश्न : माझा प्रोग्राम हिंसेसाठी वापरला जाऊ नये, एवढी एकच अट जीपीएलला जोडून तो प्रसिद्ध करावा असे मनात आहे. त्यात इतरांचा जीपीएल कोडही आहे. चालेल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या हेतूबद्दल आदर आहे, पण चालणार नाही. इतरांचा जीपीएल कोड आपल्याला ज्या करारावर मिळाला, त्यातच आणखी निर्बंध घालू नयेत असे म्हटले आहे. प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन (JSON) या माहिती लिहिण्याच्या पद्धतीच्या कोडसोबत दिलेल्या परवान्यात अशीच एक ओळ होती : सॉफ्टवेअरचा उपयोग चांगल्यासाठी व्हावा, वाईटासाठी होऊ नये. उरलेला मजकूर एमआयटीसारखाच होता. तरीही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन हा परवाना मुक्त मानत नाही, आणि अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०१६मध्ये त्या परवान्याचा कोड आपल्या प्रकल्पांत घेण्यास मनाई केली. कारण ‘वाईट’ काय ते कोण ठरवणार हे परवान्यात नाही, आणि प्रोग्राम पुढे घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ती अनिश्चितता राहते.

आपले म्हणणे प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलीत, विनंती म्हणून, स्वच्छ शब्दांत लिहा. विनंतीला परवान्याची आडकाठी नाही. फक्त ती विनंतीच आहे, प्रत घेण्याची अट नव्हे, हेही त्याच फाइलीत स्पष्ट करा.