वाळूवरची मर्यादवेल

प्रश्न : गोराईच्या वाळूत आपट्यासारख्या पानांची, जांभळट फुलांची वेल दिसली. ती बाल्कनीत लावावी का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ही मर्यादवेल. भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत ती पसरते, तेव्हा नाव समर्पकच म्हणायचे. पेरापेरांशी मुळे धरून ती उडती वाळू जागच्या जागी बांधते, आणि तिच्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरवर जात असल्यामुळे जगातल्या अनेक उष्ण किनाऱ्यांवर ती आढळते. त्यामुळे ही जात दुर्मीळ नाही, पण बांधकाम, वाहने आणि यंत्राने होणारी सरसकट सफाई यांपुढे शहरी किनाऱ्यावर तिचा टिकाव लागणे कठीण. फुले सकाळी उमलून दुपारनंतर कोमेजतात, म्हणून पाहायला लवकर जावे. कुंडीत मात्र लावू नये. तिला मोकळी वाळूच हवी.