गाडीला घरी पॉलिश मारायचं असेल तर उन्हाळा लागायच्या आत मारा

तुमचा प्रश्न असा की पाच वर्षं जुन्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडलं की गोल-गोल बारीक रेषांचं जाळं दिसतं, शेजारचे काका म्हणतात रबिंग मारून घे. हे घरी हातानं जमेल का आणि नागपूरच्या उन्हात वॅक्स टिकेल का?

जमतं. पण रबिंग कंपाउंडचा (म्हणजे पत्रा घासायच्या जाड दाण्याच्या पेस्टचा) डबा आत्ताच उघडू नका.

आजकालच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. तुमच्या रेषा बहुतेक त्यातच आहेत. पॉलिश त्या रेषा बुजवत नाही. आजूबाजूचा थर किंचित घासून सपाट करतं. म्हणजे दर वेळी थोडा कोट कमी होतो आणि तो परत येत नाही. रबिंग कंपाउंडचा दाणा जाड. ते मारून वरून बारीक पॉलिश केलं नाही तर जाळं जाऊन धुरकटपणा येतो. म्हणून सुरुवात बारीक पॉलिशनं करा, तेवढ्यानंच काम भागलं तर उत्तम. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो यानं जाणार नाही, त्याच्या नादी लागू नका.

त्याआधी हे जाळं आलं कुठून ते बघा, नाहीतर चार महिन्यांत परत येईल. बहुतेकदा ते सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसण्यातून येतं. आपल्याकडे सिमेंट रोडची धूळ, त्यात कोराडी-खापरखेड्याकडे राहत असाल तर वीज केंद्रांची राख. राखेत सिलिका असते, ती कोरडी घासली की काचकागदच. महिन्याचे पैसे देऊन आपण रोज ओरखडे विकत घेतो! गाडी पुसणाऱ्या भाऊंना सांगा, आधी भरपूर पाणी, मग ओलं मायक्रोफायबर. पाणी नसेल त्या दिवशी गाडी मळकी राहू द्या. आणि गाडी कूलरच्या बाजूला लावत असाल तर जागा बदला. बोरिंगच्या पाण्याचे तुषार तापलेल्या पत्र्यावर सुकले की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून फडक्यानं लावा, मिनिटभरात धुऊन टाका.

आता काम. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. कार शॅम्पूनं धुवा, कपड्याच्या साबणानं नको. शॅम्पूची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी. धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार हवा, म्हणजे धुऊन न निघणारी चिकट घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी. तो शॅम्पूच्या पाण्यावर हलका सरकवायचा. खाली पडला तर सरळ फेका, पुसून वापरू नका.

काळ्या प्लास्टिक पट्ट्यांना मास्किंग टेप लावा, त्यांच्यावर पॉलिश सुकलं की पांढरे डाग हटत नाहीत. मग फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घेऊन फार तर दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा आधी आडवा, मग उभा घासायचा. थर पारदर्शक झाला की मायक्रोफायबरनं पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. दारांच्या कडा आणि बॉनेटची धार इथे कोट सगळ्यात पातळ, तिथे जोर नको. फडक्यावर निळा रंग यायला लागला तर तिथेच थांबा, क्लिअर कोट संपलाय. एक मात्र सांगून ठेवतो, हातानं सगळं जाळं जात नाही, बऱ्यापैकी फिकं होतं. पूर्ण घालवायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन लागतं, ज्याचं पॅड गोल फिरता फिरता हलतंही. रस्त्यावर मिळणारं गोल फिरणारं बफिंग मशीन मी माझ्या गाडीला लावू देत नाही, चुकीच्या हातात ते कडा जाळून टाकतं.

वॅक्स सोपं: पातळ थर, सुकून धुरकट दिसला की पुसा. जाड लावून काही जास्त मिळत नाही. कार्नोबा वॅक्सला (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण) झळाळी छान, पण आपल्या मे महिन्यात ते फार दिवस टिकत नाही. मी उन्हाळ्यापुरता सिंथेटिक सीलंट (वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर) मारतो, तो उन्हाला आणि धुण्याला जास्त तग धरतो. सगळ्यात बरा काळ दिवाळी ते फेब्रुवारी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाडीवर पॉलिश लावाल तर पुसण्याआधीच ते पापड होतं.

वेळ कमी असेल तर अख्खी गाडी धरू नका. बॉनेट आणि छत एका रविवारी, दारं पुढच्या.