किशोरवयीन मुलांच्या लैंगिक शिक्षणावर सरकार खरंच पैसा खर्च करतं का? आणि करदात्याचा पैसा त्यात घालावा का?

करतं. फक्त त्या नावाने करत नाही.

मी अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. २००५ साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'नॅको' या एड्स नियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेबरोबर किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. धास्ती एड्सची होती, म्हणून पैसाही त्या वाटेने आला. आमचं प्रशिक्षण झालं, शाळेत तक्ते आले. २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने कार्यक्रम थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटकनेही तेच केलं. आमचे तक्ते कपाटात गेले, किल्ली मुख्याध्यापकांकडे. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही (अध्यक्ष व्यंकय्या नायडू) शाळेत हे शिक्षण नको असंच म्हटलं.

मग पैसा आरोग्य खात्याच्या दाराने आला. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, वयोगट १० ते १९. खर्चात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत किशोरांना सल्ला देणारं 'मैत्री क्लिनिक' असतं ते यातलंच. पण गावात दिसतात त्या लोहाच्या निळ्या गोळ्या. त्या हव्यातच, मुलींच्या अंगात रक्त नसतं हे मी वर्गात पाहिलंय. पण स्वप्नदोषाला घाबरलेल्या पोराने करायचं काय? शाळा बुडवून एसटीने तालुक्याला जायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, आणि पुढे शेजारच्या काकू! तो जात नाही. मोबाइल उघडतो.

२०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रम आला. शाळेमागे दोन शिक्षक, अकरा विषय, त्यात प्रजनन आरोग्यही. माझ्या माहितीतल्या शाळांत तो तास गणिताच्या सराव परीक्षेला जातो.

आता दुसरा प्रश्न, करदात्याचा पैसा यात घालावा का. घालावा, पण आणखी पुस्तिका छापू नयेत. शिक्षकाला हा विषय बोलायची सवय लागेपर्यंत पुन्हापुन्हा प्रशिक्षणाला बसवावं, आणि पालक तक्रार घेऊन आले की त्याच्या पाठीशी उभं राहावं. दुसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

बाकी, प्रजननाचा धडा पाठ्यपुस्तकात पूर्वीपासून आहे. नोकरीची पहिली सहा वर्षं मी तो 'घरी वाचून या' म्हणून सोडून देत होतो. पगार मात्र पूर्ण घेत होतो, सरकारीच.